परवडणाऱ्या दरात बहुपयोगी बोल्ट-ॲक्शन रायफल : युरोपातील नव्या शिकाऱ्यासाठी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची परंपरा खंडित झाली. त्यामुळे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडन अशा देशांत स्थायिक झालेला आणि तिथली शिकारीची परीक्षा रीतसर उत्तीर्ण झालेला मराठी माणूस पहिली रायफल घ्यायला निघतो, तेव्हा त्याला घरातल्या जाणत्या माणसाचा सल्ला मिळत नाही. मिळतो तो दुकानदाराचा, आणि तो बहुधा महाग मालाकडे नेणारा असतो. हा लेख अशा वाचकासाठी आहे. उदाहरणादाखल मी मुख्यतः जर्मनीचा विचार केला आहे, कारण तिथले नियम नेमके आहेत, वापरलेल्या रायफलींचा बाजार मोठा आहे, आणि मचाणावरची संध्याकाळ, हिवाळ्यातला हाका आणि मक्याच्या शेताकडेची रानडुकरे हे सारे एकाच वर्षात एकाच शिकाऱ्याच्या वाट्याला येते. अशा तिन्ही प्रसंगी जी एकच रायफल पुरी पडते तिला या लेखात बहुपयोगी म्हटले आहे.

पुढचे सारे विवेचन ज्यावर उभे आहे ती गोष्ट आधी सांगतो. हाताशी असलेली रक्कम रायफलीवरच संपवू नये. आज युरोपातल्या नामांकित कारखान्यांची अगदी खालच्या किमतीची बोल्ट-ॲक्शन (दर बारानंतर बोल्ट हाताने मागेपुढे करून नवे काडतूस भरायची) रायफलसुद्धा, तिला मानवणारे काडतूस मिळाले तर, १०० मीटरवर तीन-चार सेंटीमीटरच्या वर्तुळात गोळ्या बसवते, आणि रो-हरणाच्या, म्हणजे युरोपातल्या लहान हरणाच्या, छातीतले मर्मस्थान याच्या कितीतरी पट मोठे असते. म्हणजे नेम चुकतो तो सहसा रायफलीमुळे चुकत नाही. रायफलीवरची अंधुक दुर्बीण, ती रायफलीला जोडणारे ढिले माउंट आणि अपुरा सराव ही त्याची नेहमीची कारणे असतात. एकूण २,५०० युरो खर्चायचे असतील तर मी स्वतः रायफलीला हजाराच्या आसपास, दुर्बीण आणि माउंट मिळून आठशे-नऊशे, आणि उरलेली रक्कम तिजोरी, काडतुसे व नेमबाजीच्या मैदानाचे शुल्क यांसाठी धरेन. रक्कम याहून कमी असेल तर कात्री रायफलीला लावावी आणि वापरलेली घ्यावी, दुर्बिणीला लावू नये.

आधी कायदा, मग कॅलिबर

युरोपीय संघाच्या शस्त्रविषयक निर्देशात बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफल 'क' वर्गात येते, म्हणजे अर्ध-स्वयंचलित रायफलींपेक्षा तिच्यावरचे निर्बंध सौम्य आहेत. तरीही प्रत्येक देशाचा शिकार कायदा वेगळा आहे, आणि कॅलिबरची, म्हणजे गोळीच्या जाडीची व काडतुसाची, निवड तिथूनच सुरू करावी लागते. जर्मनीच्या संघीय शिकार कायद्याच्या कलम १९ नुसार रो-हरणासाठी गोळीची ऊर्जा १०० मीटरवर किमान १,००० ज्यूल असावी लागते, तर लाल हरीण, डॅम हरीण, रानडुक्कर अशा इतर सर्व खुरी प्राण्यांसाठी कॅलिबर किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवरची ऊर्जा किमान २,००० ज्यूल असावी लागते. या एका वाक्याने बराच गोंधळ मिटतो. उदाहरणार्थ, .२४३ विंचेस्टर हे सौम्य धक्क्याचे सुरेख काडतूस आहे; पण त्याची गोळी सुमारे ६.२ मिलिमीटरची असल्यामुळे जर्मनीत ते रो-हरीण आणि कोल्ह्यापुरतेच चालते. रानडुक्कर समोर आले तरी त्याच्यावर बार टाकता येत नाही. ज्याला एकच रायफल घ्यायची आहे त्याने या काडतुसाचा मोह टाळावा.

स्वीडनमध्ये काडतुसांचे चार वर्ग आहेत आणि मूस या प्रचंड हरणासाठी पहिल्या वर्गाचे काडतूस लागते. तिथे गोळी १० ग्रॅम किंवा अधिक वजनाची असेल तर १०० मीटरवर २,००० ज्यूल पुरतात. ९ ते १० ग्रॅमच्या दरम्यान असेल तर मात्र २,७०० ज्यूल हवेत. १८९४ पासून चालत आलेले जुने ६.५×५५ हे काडतूस १०.१ ग्रॅमच्या लांब, जड गोळीसह या वर्गात सहज बसते, याचे कारण हेच. २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर बहुधा ९.१ ग्रॅमच्या गोळीसह विकले जाते आणि मग २,७०० च्या अटीपाशी अडखळू शकते. त्यामुळे स्वीडनमध्ये शिकार करण्याचा विचार असेल तर डब्यावरचे आकडे वाचूनच काडतूस घ्यावे. ब्रिटनमधली पद्धत आणखी निराळी आहे. तिथे पोलिसांच्या प्रमाणपत्रावर प्रत्येक रायफलीचे कॅलिबर नमूद असते, म्हणून आधी मंजुरी आणि मग खरेदी असा क्रम असतो.

जर्मनीत वैध वार्षिक शिकार परवाना असलेल्याला लांब नळीची शिकारी बंदूक घेण्यासाठी वेगळी पूर्वपरवानगी लागत नाही. पण खरेदीनंतर दोन आठवड्यांच्या आत ती शस्त्र-मालकी पत्रात नोंदवून घ्यावी लागते. तिजोरीची सोय मात्र रायफलीच्या आधी झालेली असावी. जुलै २०१७ पासून नव्याने घेतलेली तिजोरी ईएन ११४३-१ या मानकाच्या किमान शून्य श्रेणीची असणे बंधनकारक आहे. ती घेताना अंकी कुलुपाची घ्यावी. तिजोरीची किल्लीसुद्धा तेवढ्याच सुरक्षित ठिकाणी ठेवावी लागते असा निकाल नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२३ मध्ये दिला, आणि अंकी कुलपामुळे किल्लीचा हा प्रश्नच उरत नाही. तिजोरी आपल्याला लागेल असे वाटते त्याहून एक आकार मोठी घ्यावी, कारण दुर्बीण लावलेली रायफल बरीच जागा अडवते.

कोणते कॅलिबर घ्यावे

बजेट बेताचे असेल आणि शिकार मध्य युरोपात असेल, तर माझे स्पष्ट मत .३०८ विंचेस्टरच्या बाजूने आहे. १९५२ मध्ये आलेले हे काडतूस १०० मीटरवर सुमारे २,७०० ते ३,००० ज्यूल देते, म्हणजे जर्मन कायद्याची अट ओलांडून बरीच शिल्लक ठेवते. ते आखूड नळीतून चांगले चालते, धक्का सोसण्याजोगा असतो, आणि सरावाची स्वस्त काडतुसे जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळतात. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. शिकाऱ्याला वर्षाला शिकारीच्या मोजक्याच गोळ्या लागतात. पण सराव नीट करायचा तर त्याच्या अनेक पटींनी काडतुसे झाडावी लागतात. जी रायफल सरावाला परवडत नाही ती कितीही उत्तम असली तरी नव्या शिकाऱ्याच्या उपयोगाची नाही.

१९०६ चे .३०-०६ स्प्रिंगफील्ड .३०८ पेक्षा थोडे अधिक बलवान आहे आणि जड गोळ्या सहज पेलते, पण त्याला नळी पाच-सात सेंटीमीटर लांब असलेली बरी आणि धक्काही थोडा जास्त. लाल हरीण आणि मोठी रानडुकरे हीच ज्याची मुख्य शिकार, त्याने ते बिनदिक्कत घ्यावे. स्कँडिनेव्हियात राहणाऱ्याला ६.५×५५ शोभते, धक्का कमी, भेदकता उत्तम आणि काडतुसे सर्वत्र उपलब्ध. १९०५ मध्ये ओटो बॉक यांनी सिद्ध केलेले ९.३×६२ हाक्यात रानडुकरावर फार परिणामकारक आहे. तरी पहिल्या रायफलीसाठी ते जड जाते. .३०० विंचेस्टर मॅग्नमबद्दल तर मी सरळ नको म्हणेन. तीन किलोच्या रायफलीत त्याचा धक्का .३०८ च्या दीडपटीहून अधिक बसतो, आणि धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटण्याची सवय एकदा जडली की ती सोडवायला काही हंगाम जातात. मध्य युरोपातल्या मचाणावरून बहुतेक बार ५० ते १५० मीटरच्या आत होतात. तिथे मॅग्नमचा लाभ दिसत नाही, त्रास मात्र प्रत्येक बाराला जाणवतो.

फ्रान्समध्ये स्थायिक असलेल्यांना वापरलेल्या बाजारात ७×६४ च्या रायफली पुष्कळ दिसतील. लष्करी मानलेल्या कॅलिबरवर तिथे २०१३ पर्यंत कडक बंधने होती, म्हणून ब्रेनेके यांचे १९१७ चे हे काडतूस तिथे रुजले. ते आजही उत्तम आहे, आणि नवे ग्राहक .३०८ मागत असल्यामुळे त्याची रायफल स्वस्तात पदरी पडू शकते.

नव्या रायफलींपैकी कोणती

फिनलंडमधल्या रीहिमाकी येथील साको कारखान्यात तयार होणारी टिक्का टी३एक्स ही या किंमतपट्ट्यातली सर्वांत निर्धास्त निवड आहे, असे मला वाटते. २००३ मध्ये आलेल्या टी३ ची ही २०१६ मधली सुधारित आवृत्ती. तिचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो, चापाचा ताण घरीच कमी-जास्त करता येतो, आणि धक्का पेलणारा दस्त्यातला तुकडा, जो आधीच्या टी३ मध्ये ॲल्युमिनियमचा होता, तो आता पोलादी आहे. डावखुऱ्यांसाठीही ती मिळते, ही सोय या किमतीत विरळा. तिचे उणेपण असे की मूळ मॅगझिनमध्ये तीनच काडतुसे बसतात आणि जादा मॅगझिन प्लास्टिकचे असूनही महाग पडते. तेव्हा खरेदीच्या वेळीच एक जादा मॅगझिन सौद्यात मागून घ्यावे.

जर्मनीतल्या इस्नी गावी तयार होणाऱ्या झाउअर १०० आणि माउझर एम१८ या एकाच घराण्यातल्या म्हणाव्यात इतक्या जवळच्या रायफली आहेत. झाउअर १०० ही २०१६ मध्ये आणि एम१८ ही २०१८ मध्ये आली. दोन्हींच्या बोल्टला पुढे तो जागी अडकवणाऱ्या तीन कडा असल्यामुळे तो ६० अंशच उचलावा लागतो. दुर्बिणीचा डोळ्याकडचा भाग मोठा असला तरी बोटे त्याला घासत नाहीत आणि हाक्यात दुसरा बार लवकर होतो. मॅगझिनमध्ये पाच काडतुसे बसतात. सेफ्टी तीन टप्प्यांची आहे, म्हणजे मधल्या टप्प्यावर चाप बंद असतानाही बोल्ट उघडून नळी रिकामी करता येते. मचाणाच्या शिडीशी रोज रायफल भरावी आणि रिकामी करावी लागणाऱ्या माणसाला ही सोय फार मोलाची आहे. एम१८ चा काळा प्लास्टिकचा दस्ता दिसायला साधा आहे, पण पावसाळी रानात लाकडापेक्षा तोच निश्चिंत ठेवतो.

चेक प्रजासत्ताकातल्या उहेर्स्की ब्रोद इथल्या सीझेड कारखान्याची सीझेड ६०० ही २०२१ मधली मालिका आणि तिच्या आधीची ५५७ या दोन्ही विचारात घ्याव्यात. स्पेनच्या बास्क प्रांतातली बर्गारा बी१४ ही रेमिंग्टन ७०० या प्रसिद्ध अमेरिकी रायफलीच्या घडणीशी जुळती असल्याने तिला माउंट, दस्ते आणि चाप सहज मिळतात. ती किंचित जड आहे, पण नळी नेमकी. विंचेस्टर एक्सपीआर ही पोर्तुगालमध्ये तयार होते आणि बरीच स्वस्त मिळते. सर्बियातल्या क्रागुयेवात्सची झास्तावा एम७० ही माउझर ९८ या जुन्या जर्मन लष्करी रायफलीच्या घडणीची आहे. मोठ्या पोलादी नखामुळे काडतूस पहिल्यापासून घट्ट धरले जाते, म्हणून ती सहसा अडकत नाही. तिचे बाहेरचे काम मात्र खडबडीत असते आणि चाप कारागिराकडून नीट करून घ्यावा लागतो. ब्लेझर आर८ सारख्या सरळ ओढीच्या रायफली इथे मुद्दामच घेतल्या नाहीत, कारण त्यांची किंमत या लेखाच्या मर्यादेबाहेरची आहे.

या सर्वांत खरा फरक नळीत नाही, हाताळणीत आहे. म्हणून दुकानात जाऊन रायफल खांद्याला लावून पाहणे अनिवार्य आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला तोंड करून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. दुर्बिणीतून पूर्ण, गोल, काळी कडा नसलेले चित्र लगेच दिसले तर दस्ता आपल्या मापाचा आहे. मान ताणावी किंवा गाल उचलावा लागत असेल तर तो नाही. हिवाळी जाड कोट घालूनही हेच करून पाहावे. युरोपातले कित्येक दस्ते आपल्यापेक्षा उंच माणसांच्या मापाने केलेले असतात, आणि लांब दस्ता कोटाच्या काखेत अडकतो तो नेमका रानडुक्कर पळत असताना. झाउअर, टिक्का किंवा सीझेड यांच्यात निवड अडली, तर जी खांद्याला आपोआप बसते ती घ्यावी.

आणखी एक लहान चाचणी. कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवून पाहावी. ती काडतुसाच्या कोठीपर्यंत (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते तिथवर) न अडकता गेली तर नळी मोकळी आहे. स्वस्त प्लास्टिकचे दस्ते पुढच्या बाजूला लवचीक असतात. काठीचा किंवा मचाणाच्या कठड्याचा आधार घेताच ते नळीला टेकतात आणि गोळी सरकते. म्हणून दस्त्याचे टोक हाताने दाबूनही हीच पट्टी फिरवावी.

वापरलेली रायफल घेताना

या विषयावर जास्त थांबायचे कारण असे की, पैसा कमी असलेल्याला खरा लाभ इथेच आहे आणि फसगतीची जागाही हीच. युरोपात वृद्ध शिकारी परवाना सोडतात, वारसांना रायफली ठेवणे अवघड जाते, आणि घरात मोजकाच वापर झालेली उत्तम शस्त्रे निम्म्या किमतीत बाजारात येतात. स्वीडनमधल्या माउझर घडणीच्या जुन्या हुस्कवार्ना शिकारी रायफली पोलादाच्या दर्जासाठी ओळखल्या जातात.

सर्वांत आधी नळीवरचे शिक्के वाचावेत. सी.आय.पी. या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सदस्य देशांत प्रत्येक रायफल विक्रीपूर्वी चाचणीगृहात कमाल दाबाच्या २५ टक्के अधिक दाबाने तपासली जाते आणि तिच्यावर चाचणीचा ठसा उमटवला जातो. जर्मनीत अशी चाचणीगृहे उल्म, म्युनिक, झूल, कील इत्यादी ठिकाणी आहेत. ठसा नसेल, किंवा नळी अथवा बोल्ट बदललेला असून नवा ठसा नसेल, तर सौदा तिथेच सोडावा. नळी, चौकट (बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा) आणि बोल्ट यांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का, हेही पाहावे.

जुन्या जर्मन रायफलींत एक धोका ठाऊक असलाच पाहिजे. ८×५७ या नावाची दोन वेगवेगळी काडतुसे आहेत. 'आय' अथवा 'जे' अक्षराचे जुने काडतूस सुमारे ८.१ मिलिमीटर जाडीच्या गोळीचे आहे, तर 'आयएस' अथवा 'जेएस' या नव्या काडतुसाची गोळी सुमारे ८.२ मिलिमीटरची. अरुंद नळीतून जाड गोळी झाडली तर दाब धोकादायक वाढतो. शिक्क्यात 'एस' हे अक्षर नसेल तर 'आयएस'चे काडतूस त्या रायफलीत कधीही घालू नये, विक्रेता काहीही सांगो.

मग नळीच्या आत पाहावे. बोल्ट काढून, लहान विजेरी मागे धरून, तोंडाकडून पाहिले की आतला पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचा, धारदार आणि अखंड दिसला पाहिजे. काळे डाग म्हणजे जुना गंज. काडतुसाच्या कोठीला लागूनचा गळा भाजल्यासारखा, तडे गेलेला दिसला तर नळी पुष्कळ झिजली आहे असे समजावे. नळीच्या तोंडाची कड मात्र विशेष बारकाईने तपासण्यासारखी आहे, कारण गोळी जिथून सुटते तिथला लहानसा टवकाही नेम बिघडवतो. दस्ता पकडीच्या मागे, चौकटीच्या शेपटाजवळ चिरलेला नाही ना, आणि दस्त्याच्या कडेखाली, जिथे पाणी साचते, तिथे नळीला गंज नाही ना, हेही बघून घ्यावे. सेफ्टीची चाचणी रिकाम्या रायफलीवर करावी : बोल्ट बंद करून सेफ्टी लावावी, चाप नीट ओढावा, सोडावा आणि मग सेफ्टी काढावी. या वेळी आतून टक असा आवाज आला, म्हणजे काडतूस पेटवणारी सुई सुटली, तर ती रायफल कारागिराने दुरुस्त करेपर्यंत वापरू नये. पुढे खरेदीपूर्वी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बैठकीतले अंतर, कारागिराकडून मोजून घेण्याची अट घालावी. खर्च थोडा येतो आणि मन निश्चिंत होते.

जुन्या जर्मन रायफलीवर झूलच्या पद्धतीची आकडी-माउंट असते, ती हाताने घडवलेली आणि सुंदर. पण तिच्यावर नवी दुर्बीण बसवायची तर कारागिराची मजुरी अनेकदा रायफलीच्याच किमतीला भिडते. अशी रायफल दुर्बिणीसकट मिळत असेल आणि दुर्बीण स्वच्छ असेल तरच घ्यावी.

दुर्बीण आणि माउंट

जर्मन कायद्यानुसार रात्री, म्हणजे सूर्यास्तानंतर दीड तासापासून सूर्योदयाआधी दीड तासापर्यंत, खुरी प्राण्यांपैकी फक्त रानडुकराची शिकार करता येते. म्हणजेच बहुतेक बार सूर्यास्ताच्या आगेमागे, अंधुक उजेडात होतात, आणि दुर्बिणीचा खरा कस तिथेच लागतो. डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास काढणे सोपे आहे : पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाला वाढीच्या पटीने भागावे. ५६ मिलिमीटरचे भिंग आठ पटीवर ७ मिलिमीटरचे वर्तुळ देते, जे अंधारात रुंदावलेल्या तरुण डोळ्याला पुरेपूर आहे. २४ मिलिमीटरचे भिंग सहा पटीवर ४ मिलिमीटरच देते. ते दिवसाच्या हाक्यात उत्तम, रात्री मचाणावर अपुरे.

एकच दुर्बीण घ्यायची असेल तर २.५-१०×५० (म्हणजे अडीच ते दहा पट वाढ आणि ५० मिलिमीटरचे भिंग) किंवा ३-१२×५६, आणि जाळीच्या, म्हणजे आतल्या नेमरेषांच्या, मध्यात प्रकाशित होणारा बारीक लाल ठिपका असलेली. हाक्यात तिची सर्वांत लहान पट वापरावी. ते आदर्श नाही, पण पुरते. चेक प्रजासत्ताकातल्या प्रेरोव इथल्या मेऑप्टा कंपनीची दुर्बीण किमतीच्या मानाने फार चांगली आहे. आणखी स्वस्तात, तरी उत्तम हवे असेल तर झाइस, श्मिट अँड बेंडर किंवा काहलेस यांची जुनी ८×५६ या स्थिर पटीची दुर्बीण घ्यावी. नवे ग्राहक तिला विचारत नाहीत, त्यामुळे ती अल्प दरात मिळते, आणि संध्याकाळी ती कित्येक नव्या, दुप्पट किमतीच्या दुर्बिणींच्या तोडीस तोड चालते. तीत लाल ठिपका नसतो आणि हाक्याला ती योग्य नाही, हे मान्य करूनच ती घ्यावी.

माउंटवर पैसे वाचवू नयेत. पोलादी आणि नावाजलेल्या उत्पादकाची माउंट घ्यावी, स्क्रू उत्पादकाने दिलेल्या बलाएवढेच, बल मोजून दाखवणाऱ्या पान्याने आवळावेत. हातच्या अंदाजाने आवळलेला स्क्रू एकतर दुर्बिणीची नळी दाबतो किंवा धक्क्यांनी हळूहळू सैल होतो.

नळीची लांबी आणि आवाज-शामक

२०२० च्या दुरुस्तीपासून जर्मनीत शिकार परवानाधारकाला शिकारी रायफलीसाठी आवाज-शामक घेता येतो. तो घ्यावा, असे मी आग्रहाने म्हणेन. बार अगदी निःशब्द होत नाही. आवाज सुमारे २० ते ३० डेसिबलनी उतरतो, म्हणजे शिकाऱ्याच्या आणि त्याच्या कुत्र्याच्या कानांच्या हानीचा धोका बराच कमी होतो, आणि धक्काही जाणवण्याइतका कमी होतो. त्यासाठी नळीच्या तोंडाला कारखान्यातूनच आटे पाडलेली रायफल घ्यावी. मागाहून आटे पाडणे म्हणजे कारागिराचा खर्च आणि पुन्हा चाचणीगृहाची फेरी. युरोपात एम१५×१ हे माप बरेच रूढ आहे, जाड नळ्यांना एम१८×१ असते आणि अमेरिकी धर्तीच्या रायफलींना वेगळे. शामक घेण्यापूर्वी हे माप रायफलीवरच तपासावे.

शामक १५-२० सेंटीमीटर लांबी वाढवतो, म्हणून .३०८ मध्ये ५१ सेंटीमीटरची नळी मला योग्य वाटते. नळी अडीच सेंटीमीटरने कमी झाली की गोळीचा वेग साधारण ६ ते ९ मीटर प्रति सेकंद एवढाच उतरतो, आणि मचाणावरच्या अंतराला त्याने काही बिघडत नाही.

काडतुसे आणि नेम बसवणे

शिसेविरहित गोळ्यांचा विचार आता टाळता येत नाही. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून शिकारी रायफलीच्या शिसेयुक्त गोळ्यांवर बंदी आणली आहे, आणि जर्मनीत बाडेन-व्युर्टेंबर्ग, श्लेस्विग-होल्श्टाइन यांसारख्या राज्यांत खुरी प्राण्यांसाठी शिसेयुक्त रायफल गोळ्यांवर बंदी आहे. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला नळीतला पीळ पुरेसा घट्ट लागतो. जुन्या, सैल पिळाच्या नळ्यांत मध्यम वजनाची, म्हणजे .३०८ मध्ये साधारण १० ग्रॅमची, तांब्याची गोळी बहुधा नीट चालते. जास्त जड गोळी टाळावी. तांब्याची गोळी लक्ष्यावर पुरेशा वेगाने पोहोचली तरच उमलते, म्हणून डब्यावर दिलेली किमान वेगाची मर्यादा आणि आपले कमाल अंतर यांचा ताळा बांधावा.

कोणतीही रायफल सर्व काडतुसे सारखी झाडत नाही. तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या शिसेविरहित काडतुसांचा एकेक डबा घेऊन, थंड आणि स्वच्छ नळीने, वाळूच्या पिशव्यांच्या आधाराने १०० मीटरवर तीन-तीन गोळ्यांचे गट पाडावेत. नळी मध्ये थंड होऊ द्यावी. पातळ शिकारी नळी तापली की गट सरकतो आणि दोष काडतुसाला दिला जातो. सर्वांत घट्ट गट ज्याचा, ते आपले काडतूस. मग नेम असा बसवावा की १०० मीटरवर गोळी नेमबिंदूच्या ४ सेंटीमीटर वर लागेल; .३०८ किंवा .३०-०६ मध्ये ती साधारण १६० ते १७० मीटरच्या आसपास पुन्हा नेमरेषेवर येते आणि मचाणावरच्या कोणत्याही अंतरासाठी जाळी उचलून-खाली करण्याची गरज पडत नाही. सरावाची स्वस्त काडतुसे वेगळ्या ठिकाणी लागतील. ती कुठे लागतात हे वहीत नोंदवावे, पण त्यासाठी दुर्बीण फिरवू नये.

निवडलेल्या शिकारी काडतुसाचे, शक्यतो एकाच उत्पादन-क्रमांकाचे, चार-पाच डबे एकदम घेऊन ठेवावेत. रायफल पडली, गाडीतून लांबचा प्रवास झाला किंवा वेगळ्या क्रमांकाचा डबा उघडावा लागला, तर शिकारीला जाण्याआधी तीन गोळ्या मैदानावरच्या कागदावर झाडून नेम जागेवर आहे याची खात्री करावी.